आधी बावटा, मग दुरुस्ती

३ जून, मंगळवार

आजपासून दोन वह्या. निळी वही डॉक्टरांसाठी: अण्णा काय विसरला, किती वाजता, मग काय झालं. ही जाड पुठ्ठ्याची माझ्यासाठी, आणि हिच्यात मी खरं लिहिणार आहे. अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, एका उदाहरणाची दोन उत्तरं कधी मान्य केली नाहीत, आणि आता वह्याच दोन झाल्या.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ पद्मनाभ, वय बहात्तर. रेल्वेत पी.डब्ल्यू.आय. होता, रुळांची देखभाल बघणारा साहेब. वहिनी गेली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून तो माझ्याकडे धारवाडला मळमड्डीत असतो. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. गेल्या महिन्यात तो दाढीचं सामान आणतो म्हणून निघाला आणि चिगरी बसने थेट हुबळीला गेला. बारा वर्षांपूर्वी सोडलेल्या रेल्वे क्वार्टरचं दार वाजवून तिथल्या बाईला म्हणाला, "डबा भरलाय का?" बाई शहाणी. तिने त्याला बसवून चहा दिला आणि त्याच्याच मोबाइलवरून मला फोन केला.

मग बेंगळुरूहून वेदश्री आली, अण्णाची एकुलती लेक. आज हुबळीत विद्यानगरच्या डॉक्टर स्नेहांकडे गेलो. त्या म्हणाल्या, अजून ठाम काही सांगता येत नाही, तीन महिने बघू. बिघडत चाललंय असं दिसलं तर स्कॅन करून लगेच औषध सुरू करायचं. जितकं लवकर सुरू होईल तितका उपयोग जास्त. वेदश्रीने बापासाठी कोड्यांचं एक पुस्तक आणलं होतं, रूळ टाकायच्या कोड्यांचं. ते बघून डॉक्टर खूश झाल्या. रोज एक कोडं, त्याने एकट्याने सोडवायचं, खाली वेळ लिहायची, तीन महिन्यांनी पुस्तक घेऊन यायचं. माझ्याकडे वळून कानडीत म्हणाल्या, "मेडम, नीवु हेळबारदु." तुम्ही सांगायचं नाही.

जाताना दारात वेदश्री म्हणाली, "आत्या, बिघडत असेल तर मी अप्पांना माझ्याकडे नेते. तुझ्या एकटीवर किती टाकायचं?" पोरीने चांगल्या मनानेच म्हटलं. मला मात्र धमकी दिल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

५ जून, गुरुवार

कोडं असं आहे. आठ बाय आठ चौकोनांची जाळी. वर आणि बाजूला आकडे. ज्या ओळीशी चार लिहिलंय त्या ओळीतल्या नेमक्या चार चौकोनांतून रूळ गेला पाहिजे. लाइन डावीकडून आत येते आणि खालून बाहेर पडते. मध्ये तुटायची नाही, स्वतःला ओलांडायची नाही, फाटा फुटायचा नाही. दोन-तीन चौकोनांत रूळ आधीच छापलेले असतात, बाकीचे पेन्सिलीने आपण टाकायचे.

अण्णाने चष्मा पुसला, पान लांब धरून बघितलं आणि म्हणाला, "कुणी केलंय हे? एका चौकोनात काटकोनात वळण? इंजिन आडवं पडंल की."

"कोडं आहे अण्णा, गाडी जायची नाही त्याच्यावरून."

"गाडी जायची नाही तर रूळ कशाला टाकायचा?"

तरी टाकले. प्रत्येक चौकोनात दोन समांतर रेघा आणि आडवे तीन स्लीपर, जरा थरथरते पण नेमके. बावीस मिनिटं. मी समोर तूर निवडत बसले होते. चौथ्या मिनिटाला मला उत्तर दिसलं होतं, पण तोंड मिटून बसले. एवढं कष्टाचं काम मी निवृत्तीनंतर केलेलं नाही.

१४ जून, शनिवार

अठरा मिनिटं. काल सोळा. नाश्त्याला अवलक्की, म्हणजे आपले पोहे, मग कोडं, मग अण्णाचं स्नान, असा क्रम बसलाय. बाहेर जिटीजिटी पाऊस आहे, बारीक पण न थांबणारा, कपडे वाळत नाहीत, पण घरात बरं वाटतंय. अण्णा मला कोडं वाचून दाखवतो: "तिसऱ्या ओळीत पाच, बघ हं उत्तरा, मटेरियल कमी आहे, जपून वापरायला पाहिजे." निळ्या वहीत लिहायला काही नाही. परवा त्याने देवळातून येताना दुसऱ्याची चप्पल घातली, पण ते तर मीही करते.

२१ जून, शनिवार

आज केलं.

कोडं त्याला सुटलं नाही. तासभर बसला. डावीकडून आलेली लाइन अर्ध्यात संपवली आणि वरच्या कोपऱ्यात चार चौकोनांची एक बंद रिंग टाकली, कशाला न जोडलेली. आकडे तेवढे बरोबर बसले. मी म्हटलं, "अण्णा, ही रिंग?" तो म्हणाला, "सायडिंग आहे ती." सायडिंगला निदान एक तोंड लागतं, हे त्याने मला लहानपणी धारवाड स्टेशनच्या पुलावर उभं करून शिकवलंय. तोच अण्णा पेन्सिल ठेवून समाधानाने उठला आणि टॉवेल घेऊन स्नानाला गेला.

मी पुस्तकाकडे बघत राहिले. पुढच्या आठवड्यात वेदश्री पानांचे फोटो मागणार होती. बंबातून पाणी काढल्याचा आवाज आला. मी खोडरबर घेतलं. रिंग खोडली, लाइन खालपर्यंत नेली, त्याच्यासारखे तीन-तीन स्लीपर टाकले, आणि वेळ लिहिली चोवीस मिनिटं. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत.

एका दिवसाचा तर प्रश्न. त्याला रात्री झोप नव्हती लागली.

२२ जून, रविवार

काल लिहिलेलं वाचलं. त्याला रात्री चांगली झोप लागली होती. मीच उठून बघितलं होतं.

२ जुलै, बुधवार

आता रोज नाही, पण आठवड्यात तीन-चार वेळा. त्याचा हात जमायला लागलाय मला. सुरुवातीला माझे स्लीपर फार सरळ यायचे, आता मुद्दाम जरा तिरके काढते. झालं की पान बंद करून टाकते. मागची पानं मी उलटत नाही. तपासलेले पेपर पुन्हा बघायची मला सवय नाही, असं स्वतःला सांगते. खरं म्हणजे बघवत नाही.

एक गोष्ट लिहायलाच पाहिजे. मला ते करताना मजा येते. रूळ जुळत जुळत खालच्या दाराशी पोचले की बरं वाटतं, आणि आत अण्णा स्नान करताना व्यंकटेशाचं काही म्हणत असतो. तेवढा वेळ घर अगदी ठीक असतं.

आज मात्र ते चालू असताना रूपा आठवली. दहावीच्या सराव परीक्षेत माझ्या वर्गात तिच्या कंपासपेटीच्या झाकणात प्रमेय सापडलं होतं. सगळ्यांच्या देखत तिला बाहेर काढलं. "बाई, आईला नका सांगू, ती आजारी आहे," एवढंच म्हणत होती. मी आईला बोलावून घेतलं. नियम म्हणजे नियम, असं म्हणाले होते मी. लोकांना सांगायचं ब्रह्मज्ञान, आणि स्वतः कोरडे पाषाण. कंपासपेटी तरी तिची स्वतःची होती.

१३ जुलै, रविवार

वेदश्रीचा व्हिडिओ कॉल. पानांचे फोटो बघून ती खुलली होती. "अप्पा, माझ्यापेक्षा फास्ट आहात की तुम्ही. मला एक कोडं अर्धा तास लागतं." मग मला म्हणाली, "आत्या, इकडं खोली रिकामी करायला घेतली होती, ते आता थांबवते. तुझ्याकडे छान चाललंय त्यांचं."

मी मान हलवली. कॅमेऱ्यात माझा चेहरा दिसू नये म्हणून फोन अण्णाकडे वळवला.

अण्णा म्हणाला, "तुझ्या आत्याच्या घरात एकही कोडं अडत नाही बघ. माणूस अडतं, कोडं नाही." वेदश्री हसली. मीही हसले. म्हातारपणी माणसं काहीतरी बोलतात.

इतकं चांगलं चाललंय म्हटल्यावर त्याला संध्याकाळचं एकट्याने फिरायला सोडायला काय हरकत आहे, असं वेदश्रीनेच विचारलं. हरकत आहे म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. सगळी कारणं मीच खोडून टाकलेली.

२९ जुलै, मंगळवार

पंचमी. तिळाचे, शेंगांचे उंडे, म्हणजे लाडू, केले. अण्णाला तीन वेळा दिले, कारण तीन वेळा म्हणाला, "उंडे केले नाहीत का या वर्षी?" निळ्या वहीत लिहिलं: सणाचा गोंधळ, किरकोळ.

दुपारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुझी ती मास्तरणीची तांबडी पेन्सिल आहे का?"

"कशाला?"

"लागते."

माझ्या जुन्या डब्यातून अर्धी उरलेली दिली. पेपरातल्या बातम्यांवर खुणा करायची त्याची जुनी खोड आहे, म्हटलं तेच असेल. मी म्हणाले, "अण्णा, माझ्या पेन्सिलीने कुणाला नापास करू नकोस हं." तो म्हणाला, "माझ्या खात्यात नापास नसतं. फक्त खूण असते."

पुस्तक मांडीवर घेऊन बराच वेळ बसला होता. मधेच बोटाने एका चौकोनावर टकटक केलं आणि स्वतःशीच म्हणाला, "छलो काम आहे, चांगलं. हात कुणाचा आहे पण?" मी उंड्यांचं ताट उचलून आत गेले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. स्वयंपाकघरात जाऊन उगाच तवा घासला.

३ ऑगस्ट, रविवार

आज अण्णा फार स्पष्ट बोलत होता, जुन्या दिवसांसारखा. त्याच्या हाताखालच्या बाबाजी नावाच्या गँगमनची गोष्ट सांगितली. बाबाजी अळणावरकडच्या एका खेड्यातला, फार कष्टाळू माणूस. रोज पाठीवर हातोडा घेऊन लाइन चालत तपासायची हे त्याचं काम. एकदा त्याला रुळाच्या जोडाला तडा दिसला. गाडीला उशीर व्हायला नको, साहेबांना बोलणी बसायला नकोत, म्हणून तो तिथंच बसून एकटा बोल्ट आवळायला लागला. अण्णा ट्रॉलीवरून मागून येत होता, त्याने लांबून बघितलं.

"मग?"

"मग काय, मी तांबडा बावटा घेऊन पुढं पळालो. गाडी थांबली. बाबाजी रडायला लागला, म्हणाला, साहेब, मी दुरुस्तच करत होतो की. मी म्हटलं, बाबाजी, तुझं काम वाईट नाही. पण आधी बावटा, मग दुरुस्ती. पुढून येणाऱ्याला सांगायच्या आधी तू दुरुस्त करायला बसलास, तर तू रुळावर आहेस आणि गाडी येतेय."

"शिक्षा केलीस त्याला?"

"छे. मेमो नाही दिला. आपलंच माणूस. जोडाला मात्र रंगाची खूण घातली, त्याच्या देखत. बदललेल्या जागी खूण पाहिजे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कळलं का, उत्तरा?"

मी म्हटलं, "कळलं की." किती वर्षांपूर्वीची गोष्ट आणि कशी तपशीलवार सांगितली. निळ्या वहीत लिहिलं: जुनी स्मरणशक्ती उत्तम.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

संध्याकाळी अण्णा फिरायला गेला तो सातला आला नाही. फोन घरातच होता. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, देवळात बघितलं, औषधाच्या दुकानात विचारलं. पावणेआठला एक तरुण माणूस त्याला हाताला धरून घेऊन आला. अंगावर नारिंगी जॅकेट, राजू नाव, ट्रॅकमन. म्हणाला, "अक्का, हे साहेब लाइनीत चालायले होते. दोन रुळांच्या मधून, हळूहळू, काठीनं स्लीपर ठोकत. मी लांबून ओरडलो तर मलाच विचारले, तुझा हातोडा कुठं आहे म्हणून."

"गाडी...?"

"मी बावटा घेऊन धावलो की. ड्रायव्हरनं लांबूनच बघितलं, थांबला. आता ते कुणाला सांगू नका. साहेब आमच्यातलेच आहेत, बोलण्यावरून कळलं." पाणीसुद्धा न घेता गेला.

अण्णाच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत ग्रीस लागलं होतं. मी त्याचे पाय धुतले. तो खुर्चीत बसून शांतपणे म्हणाला, "सात नंबरचा स्लीपर सैल आहे. लिहून ठेव."

त्याला एकट्याने बाहेर जाऊ दिलं ते माझ्या खोडरबराने. दुसरं कारण नाही. आज तो गेला असता तर तो मीच मारला असता, आणि लोकांनी मलाच येऊन धीर दिला असता.

२० ऑगस्ट, बुधवार

निळ्या वहीत कालचं पान: "संध्याकाळी फिरायला गेला. थोडा उशिरा परतला."

असं लिहिलं मी. पायजमा तीन वेळा धुतला, डाग निघत नाही. वेदश्रीला सांगावं म्हणून सकाळी दोनदा फोन उचलला. सांगितलं की ती उद्याच्या गाडीने येईल, परवा त्याला घेऊन जाईल, आणि तेरवापासून मी अवलक्की एका माणसापुरती भिजवीन. हे खरं कारण आहे. अण्णाच्या काळजीचं पांघरूण मी त्या कारणावर घातलंय. अण्णाला राखायला म्हणून मी हे करत नाही. मला एकटीला राहायचं नाही म्हणून करते.

आजही कोडं चुकलं होतं. दुसऱ्या ओळीत तीनच्या जागी सहा चौकोन भरले होते. मी दुरुस्त केलं. हात आपोआप गेला.

३ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टर स्नेहांकडे गेलो. चिगरी बसमध्ये अण्णा खिडकीशी, पुस्तक माझ्या मांडीवर. नवलूरपर्यंत मी ठरवलं की सांगायचं. विद्यानगर येईपर्यंत ठरवलं की नको.

डॉक्टरांनी त्याला कागद देऊन घड्याळ काढायला सांगितलं. अण्णाने वर्तुळ सुरेख काढलं आणि बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले. तारीख विचारली तर म्हणाला, "ते उत्तरा लिहिते." मग डॉक्टरांनी पुस्तक उघडलं, पहिली पानं बघितली, पुढे गेल्या. "आश्चर्य आहे. घड्याळ असं आणि कोडी अशी?" मी पर्सचा बंद घट्ट धरून बसले होते.

एका पानावर त्या थांबल्या. "ही खूण कसली?"

मी वाकून बघितलं. पानाच्या खालच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने काढलेला लहानसा बावटा. एक काठी, वर चौकोन. त्यांनी आणखी पानं उलटली. काही पानांवर होता, काहींवर नव्हता. ज्यांवर होता ती पानं कोणती, हे मला न मोजता कळलं. मागची पानं न उलटण्याची माझी सवय, आणि तो दुपारी पुस्तक काढून मागचीच पानं उलटत बसत होता.

अण्णा म्हणाला, "जिथं रूळ बदललाय तिथं खूण घालायची असते. मागून येणाऱ्याला कळायला पाहिजे."

"कोणी बदललाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी स्नानाला जातो तेव्हा गँग येते." तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. "कुणाची ते मला ठाऊक नाही. काम चोख आहे. फक्त बावटा लावायचं विसरतात, म्हणून मी लावतो." मग टेबलावर हात ठेवून, अगदी साहेबाच्या आवाजात, "त्यांना मेमो देऊ नका, डॉक्टर. आपलंच माणूस आहे."

मी म्हटलं, "ती गँग मी आहे."

पुढचं मी सगळं सांगितलं. रिंग, खोडरबर, चोवीस मिनिटं, राजू, पायजमा. डॉक्टरांनी मला थांबवलं नाही, हे त्यांचे उपकार की शिक्षा ते कळलं नाही. त्यांनी बावटे मोजले. एकेचाळीस. म्हणाल्या, "मेडम, जूनच्या शेवटीच कळलं असतं तर..." आणि वाक्य सोडून चिठ्ठीवर स्कॅनचं लिहायला लागल्या. ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात पुरं करत आले. दर वेळी वेगळं पुरं झालं.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "अण्णा, तुला ठाऊक होतं का रे?"

"काय?"

"गँग."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बाबाजी फार रडला होता त्या दिवशी."

त्याला ठाऊक आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

वेदश्रीला फोनवर सांगितलं.

ती म्हणाली, "आत्या, आठवीत तू मला अर्धा मार्क वाढवून दिला नव्हतास. मी शाळेसाठी तुझ्या घरात राहत होते, तरी. मी सगळ्यांना अभिमानानं सांगायची ते."

मी म्हटलं, "हो."

"तीन महिने, आत्या."

"हो."

आणखी काही बोलायला हवं होतं. मला एकटीला राहायची भीती वाटली, एवढं म्हणायला हवं होतं. ते तोंडातून आलं नाही. ती म्हणाली, शनिवारी येते.

१३ सप्टेंबर, शनिवार

औषध सुरू होऊन तीन दिवस झाले. वेदश्री गेल्या शनिवारपासून इथंच आहे. पहिले दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. आज भाजी चिरताना म्हणाली, "तू पण चल की आमच्याबरोबर." मी म्हटलं, नंतर येईन, दिवाळीला. तिने पुन्हा आग्रह केला नाही, आणि तिने तो करावा असं मला वाटायचा हक्कही नाही. उद्या दुपारच्या गाडीने दोघं जाणार. निळी वही मी पहिल्यापासून पुन्हा लिहून काढली, चप्पल, उंडे, लाइन, सगळं, आणि तिच्या बॅगेत ठेवली.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी अवलक्की केली, तिघांची. अण्णाने पुस्तक मागितलं. वेदश्री आत कपडे भरत होती.

तो पाऊण तास बसला. बघता बघता मधेच रूळ एकमेकांवरून गेले, चौथ्या ओळीत दोन जास्त झाले, आणि खालच्या कोपऱ्यात परत तीच चार चौकोनांची रिंग. पेन्सिल ठेवून माझ्याकडे बघत म्हणाला, "झालं का?"

खोडरबर टेबलावरच होतं. मी हात मांडीखाली घेतले, वर्गात पोरींना घ्यायला लावायची तसे.

"नाही अण्णा. चुकलंय. चौथ्या ओळीत दोन जास्त आहेत, आणि ही रिंग कशाला जोडलेलीच नाही."

त्याने पान जवळ घेतलं, लांब धरलं. बोटाने रिंगवरून एक फेरी मारली. मला वाटलं रागावेल, किंवा रडेल. तो फक्त म्हणाला, "अस्सं? मग आधी गाडी थांबवायला पाहिजे."

त्याने तांबडी पेन्सिल खिशातून काढली आणि माझ्या हातात दिली.

मी कोपऱ्यात बावटा काढला. काठी जरा वाकडी आली. तो म्हणाला, "आयतु, झालं," आणि टॉवेल घेऊन स्नानाला गेला. आतून बंबातल्या पाण्याचा आवाज यायला लागला. पुस्तक माझ्यासमोर उघडं होतं, तीन-चार मिनिटांचं काम होतं. मी खाली लिहिलं: वेळ ४७ मिनिटे. सुटले नाही.